धामणीची अकरा अंडी: उबवण, पहिली कात आणि भरवण्याचा प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली एक वस्ती. मे महिन्यात तिथे जुन्या गोठ्याची दगडी भिंत पाडायचं काम चालू होतं. भिंतीच्या पायाशी उंदरांनी पोखरलेली पोकळी होती आणि तिथल्या भुसभुशीत मातीत अंड्यांचा घोस निघाला. एकूण अकरा अंडी. पहारीने एक फुटलं, दोन घोसापासून सुटून घरंगळली, उरलेली आठ एकमेकांना चिकटलेली राहिली. कामावरच्या बाईंनी सगळी अंडी मातीसकट घमेल्यात भरून सावलीला ठेवली, आणि घरमालकांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला. तिथून निरोप आमच्या सर्पमित्रांच्या गटाकडे आला.

महाराष्ट्रात सर्पमित्रांकडे अशी अंडी दर उन्हाळ्यात येतात. ती उबवून पिल्लं सोडल्याचे फोटोही खूप दिसतात. मात्र अंडी फुटल्यापासून पिल्लं सुटेपर्यंतच्या दिवसांत काय केलं, पिल्लांना खायला घातलं का, कशाला घातलं, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. पिल्लांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच दिवसांत, आणि तेही प्रेमापोटी. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

अंडी कोणाची?

वस्तीवर पोहोचल्यावर पहिला प्रश्न हाच होता. घरातल्या आजींचं म्हणणं, "नागाची काय आन् धामणीची काय, धामण म्हंजी नागाचीच मादी की." ही समजूत गावोगाव आहे. धामण ही स्वतंत्र जात आहे, तिच्यात नर वेगळे आणि मादी वेगळी. पण आजींच्या बोलण्यामागचा अनुभव खोटा नव्हता. शेतात, गोठ्यात, उंदरांच्या बिळांत हे दोन्ही साप एकाच जागी राहतात, आणि दोघांची अंडी नुसती पाहून खात्रीने वेगळी ओळखता येत नाहीत. दोन्ही पांढरी, लांबट, चामट कवचाची.

भिंतीच्या फटीत एक जुनी कात अडकलेली होती. कातेवर शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा आडव्या मोजत गेलो, तर त्या सतरा भरल्या. नागाच्या त्या साधारण तेवीसच्या आसपास असतात. म्हणजे कात धामणीची होती. पण कात धामणीची असली म्हणून अंडीही तिचीच, असं होत नाही. त्यामुळे अंडी फुटेपर्यंत ती नागाचीच आहेत असं धरून वागायचं ठरलं. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हापासून विषारी असतं. म्हणून डब्याला चारही बाजूंनी पक्क्या कड्या, वर ठळक चिठ्ठी आणि खोलीला कुलूप.

दुसरा प्रश्न, अंडी हलवायची का? शक्य असेल तर हलवू नयेत, हे आमचं पहिलं उत्तर असतं. पोकळी पुन्हा झाकून वर दगड रचता आले, तर मातीइतकी चांगली उबवणपेटी दुसरी नाही. इथे तो मार्गच उरला नव्हता. पाया पूर्ण खणून निघणार होता, ऊन थेट पडत होतं आणि काळ्या मुंग्यांची रांग फुटलेल्या अंड्यापर्यंत पोहोचलीही होती. वनरक्षकांनी पंचनामा केला, वनपालांशी फोनवर बोलून अंडी उबवणीपुरती आमच्या ताब्यात दिल्याची नोंद केली. ही नोंद नुसता उपचार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं किंवा ती आणि त्यांची घरटी विस्कटणं येतं. चांगल्या हेतूने का होईना, परस्पर घरी नेलेली अंडी हा गुन्हाच ठरतो.

घमेल्यातून डब्यात

फुटलेलं अंडं आम्ही टाकून दिलं नाही. त्यात गुंडाळी झालेला गर्भ होता आणि त्याचे डोळे काळे, ठळक दिसत होते. म्हणजे अंडी नुकती घातलेली नव्हती. धामणीची अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. त्या हिशेबाने जूनच्या अखेरीला पिल्लं येतील असा अंदाज बांधला.

गर्भ इतका पुढे गेलेला असेल, तर अंडं फिरवणं घातक असतं. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना पिळदार दोऱ्यांनी तोललेला असतो, म्हणून कोंबडी अंडी उलटसुलट करते आणि काही बिघडत नाही. सापाच्या अंड्यात ती सोय नाही. घातल्यावर एक-दोन दिवसांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून धरून राहतो. नंतर अंडं उलटलं, तर बलकाचं वजन त्याच्यावर येतं, नाजूक रक्तवाहिन्या तुटतात आणि तो आतल्या आत गुदमरतो. आठ अंड्यांचा घोस घमेल्यात जसा होता तसाच, एकही अंडं न सोडवता, मातीच्या ढेकळासकट उचलला. चिकटलेली अंडी सुटी करायचा मोह होतो, पण ओढताना कवच फाटतं. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण केली. स्केचपेन आम्ही वापरत नाही, कारण कवच श्वास घेतं आणि शाई आत झिरपते.

सुटलेल्या दोन अंड्यांची वरची बाजू कोणती हे कळायला मार्ग नव्हता. अंधाऱ्या खोलीत खालून बारीक टॉर्च लावून पाहिलं. एकात लाल शिरांचं जाळं आणि एका कडेला गडद ठिपका होता. तो भाग वर येईल असं ते ठेवलं. दुसऱ्यात नुसता पिवळा उजेड दिसला, शीर एकही नाही. ते वेगळ्या डब्यात ठेवलं. त्याला पुढे बुरशी आली आणि ते काढून टाकलं.

डबा साधा, झाकणाचा, प्लॅस्टिकचा. बाजूला चार-पाच बारीक भोकं. आत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, जे नर्सरीत मिळतं, आणि वजनाने जवळपास तेवढंच पाणी. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये, एवढाच ओलावा. अंडी त्यात अर्धी रुतवली. पूर्ण पुरली तर हवा कमी पडते आणि बिघडलेलं अंडं वेळेवर दिसत नाही. डबा थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोका पाणी भरलेल्या परातीत विटांवर, मुंग्यांसाठी. अंड्यांच्या पातळीवर तापमापकाची तार, जसा मत्स्यालयाला वापरतात तसा स्वस्त डिजिटल मापक.

पाण्याबद्दल एक गोष्ट नव्या मंडळींना आवर्जून सांगतो. सापाचं अंडं बाहेरचं पाणी शोषून घेतं आणि फुगतं. ओलावा कमी झाला, तर कवचाला खळगे पडतात. ते पाहून माणूस घाबरून वरून पाणी शिंपडतो आणि अंडी सडतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशी अख्ख्या डब्याचं वजन करून झाकणावर लिहावं. अंड्यांनी शोषलेलं पाणी डब्यातच राहतं, त्यामुळे वजन जेवढं घटलं तेवढंच पाणी हवेत गेलं. दर आठवड्याला तेवढं कोमट पाणी कडेकडेने घालावं, अंड्यांवर थेंबही पडू देऊ नये. तेवढ्याच वेळात झाकण उघडून हवाही बदलते.

उन्हाळ्याची उबवण

इंटरनेटवर वाचून आलेला प्रत्येक जण आधी विचारतो, बल्ब कितीचा लावला? हे सल्ले थंड देशांतले असतात. तिकडे ऊब कशी द्यायची हा प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात प्रश्न असतो तो उष्णता कमी कशी ठेवायची हा. धामणीसारख्या सापाच्या अंड्यांना २८ ते ३० अंश चांगलं मानवतं. थोडं खाली गेलं तर पिल्लं उशिरा येतात, पण धड येतात. तापमान बराच काळ ३२-३३ च्या वर राहिलं, तर पाठीचा कणा वाकडा झालेली, डोळ्यांत दोष असलेली पिल्लं निघतात किंवा गर्भ आतच मरतात. मगरीच्या आणि बहुतेक कासवांच्या अंड्यात उष्णतेवर नर की मादी हे ठरतं. सापाच्या बाबतीत तसं नाही, ते गुणसूत्रांवरच ठरलेलं असतं. त्यामुळे त्या कारणासाठी अंश-अर्ध्या अंशाचा खेळ करत बसायची गरज नाही.

आम्ही खोका जुन्या दगडी घरातल्या आतल्या खोलीत, फरशीवर ठेवला. दुपारी पारा चढू लागला की साध्या पाण्याच्या दोन बाटल्या खोक्यात डब्याच्या बाजूला उभ्या करायच्या. बर्फ नाही, कारण एकदम पाच-सात अंशांचा धक्का नको. यावरच मे निघाला. जूनमध्ये पाऊस आल्यावर खोलीचं तापमान २६-२७ पर्यंत उतरलं, तेव्हाही बल्ब लावला नाही. धामणीची मादी अजगरासारखी अंड्यांना विळखा घालून, स्नायू थरथरवून ऊब देत नाही. जमिनीत जी ऊब असेल त्यावरच तिची अंडी वाढतात.

जूनच्या शेवटी अंडी किंचित बसू लागली, कवचावर सुरकुत्या आल्या. सुरुवातीला असे खळगे पडले, तर पाणी कमी पडतंय असं समजावं. शेवटी ते पडणं ही पिल्लं येण्याची खूण आहे. दोन दिवसांत पहिल्या कवचावर बारीक चिरा दिसल्या. पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाला एक इवलासा अंडदात असतो. त्याने ते आतून कवच कापतं आणि हा दात पुढे गळून पडतो. मग चिरेतून डोकं बाहेर येतं आणि पिल्लू तसंच थांबून राहतं, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. 'अडकलंय बिचारं' म्हणून त्याला ओढून काढलं, तर बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू रक्तस्रावाने मरतं. आमच्या खोलीला त्या दिवसांत दोघांशिवाय कोणालाही प्रवेश नव्हता.

डोकी दिसली तसा ओळखीचा प्रश्नही सुटला. मोठे गोल डोळे, ओठांच्या खवल्यांच्या कडांना काळ्या रेघा, अंगाच्या पुढच्या भागावर फिकट आडवे पट्टे, आणि डिवचलं तरी फणा नाही. धामणच.

घोसातल्या आठही अंड्यांतून पिल्लं आली, लांबीला चाळीस सेंटिमीटरच्या आगेमागे. घरंगळलेल्या अंड्याला मात्र चीर गेलीच नाही. बाकीची फुटून काही दिवस झाल्यावर ते उघडलं, तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं होतं. घोस एकत्र ठेवण्याबद्दल आम्ही इतके आग्रही का असतो, ते यावरून लक्षात यावं.

भरवायचं की नाही

गटातला एक तरुण कार्यकर्ता या पिल्लांत जीव गुंतवून बसला होता. पाऊस लागल्यावरही रोज वजनाची वही तोच भरायचा. त्याचं म्हणणं होतं, "दादा, दोन महिने ठेवू यांना. पिंकी आणतो मी, खर्चाचं बघू. जरा मोठी झाली की सोडू. आत्ता सोडली तर कावळे आणि मुंगूसच खाणार." पिंकी म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं पांढऱ्या उंदराचं पिल्लू.

त्याची काळजी खरी होती. अंड्यातून निघालेल्या सापांपैकी बहुतेक वर्षभर जगत नाहीत. ससाणे, भारद्वाज, मुंगूस, मांजरं, रस्त्यावरची चाकं, सगळंच आहे. घडियालांच्या बाबतीत हीच कल्पना सरकारी प्रकल्पात राबवली गेली. १९७५ पासून नदीकाठची अंडी गोळा करून, पिल्लं मोठी करून चंबळसारख्या नद्यांत सोडली. पण घडियाल नष्ट व्हायच्या टोकाला आलेला होता आणि त्यामागे वर्षानुवर्षांची यंत्रणा होती. धामणीची ती अवस्था नाही. आमच्याकडे होती एक खोली आणि एक वही.

माझी भूमिका स्पष्ट होती आणि आजही तीच आहे. निरोगी पिल्लाला भरवायचं नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. त्याला पहिले दिवस भूकच नसते. आठवड्या-दीड आठवड्यात ते पहिली कात टाकतं आणि त्यानंतर खाणं शोधू लागतं. निसर्गात हा क्षण नेमका पावसाळ्याच्या सुरुवातीला येतो. बांधाबांधावर बोटाच्या पेराएवढी बेडकांची पिल्लं उड्या मारत असतात, सापसुरळ्या असतात. शिकार कशी ओळखायची आणि दाबून कशी धरायची हे पिल्लू त्याच दिवसांत शिकतं. आपण दोन महिने डब्यात ठेवलं, तर तो हंगाम त्याच्या हातून जातो. शिवाय डब्यातल्या सापाला माणसाचा हात म्हणजे अन्न असं वाटू लागतं. इतर सुटका केलेल्या सापांच्या अंगावरचे माइट्स (रक्त शोषणारे बारीक परजीवी), पोटातले जंतू त्याला लागतात, आणि मग ते सगळं घेऊन तो रानात जातो. म्हणून या पिल्लांच्या खोलीत दुसरा साप आणायचा नाही, त्यांच्यासाठीचे चिमटे वेगळे, आणि आधी पिल्लांचं काम मगच बाकी सापांचं, असा नियम पहिल्या दिवसापासून होता.

वस्तीवरच्या आजी पिल्लं बघायला आल्या, तेव्हा वाटीभर दूध घेऊन आल्या होत्या. त्यांना खाली बसून समजावलं, "आजी, हे लेकरू दुधावर वाढणारं नाही. त्याच्या आईलाही दूध नसतं. दूध याला पचत नाही, नुसतं स्वच्छ पाणी ठेवलंय." तहानलेला साप पुढे येईल तो पातळ पदार्थ पितो, त्यावरून साप दूध पितो असा समज झाला. दुधाने सापाचं पोट बिघडतं. आजींना ते पटलं. दूध त्यांनी आमच्या चहाला दिलं.

सात पिल्लांनी पहिली कात टाकली. अखंड, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट ती निघाली की नाही हे भिंगातून पाहिलं. वनरक्षकांच्या उपस्थितीत ती मूळ वस्तीच्याच शिवारात सोडली, पण सगळी एका जागी नाही. ओढ्याकाठी, दगडी बांधाला, ताली घातलेल्या शेताच्या कडेला, एकेक. धामण दिवसा हिंडणारा साप आहे, म्हणून वेळ सकाळची निवडली. तरुण कार्यकर्ता बरोबर होता. त्याने मनाविरुद्ध मान्य केलं होतं, आणि मला ते कळत होतं.

आठवं पिल्लू

आठव्याचं वेगळं झालं. शेजारची पिल्लं डब्यात सरपटायला लागल्यावर ते बलक पुरता आत न घेताच बाहेर आलं असावं. पोटाला वाटाण्याएवढी पिशवी लोंबत होती. आमच्या पशुवैद्यक बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते व्हर्मिक्युलाइटमधून काढून ओल्या टिश्यू पेपरवर छोट्या डब्यात ठेवलं, कारण कण पिशवीला चिकटले तर जंतुसंसर्ग होतो. पिशवीला पातळ केलेलं बीटाडीन लावलं. ती थोडी आत गेली, थोडी वाळून गळाली. म्हणजे शिदोरी अर्धीच मिळाली. कात त्याने इतरांपेक्षा उशिरा टाकली. पाठीचा कणा वर दिसू लागला होता आणि वजन उतरत होतं. याला आहे तसं सोडणं म्हणजे मरायला सोडणं होतं. वनपालांना कळवून ताबा वाढवून घेतला आणि याला भरवायचं ठरलं.

काय भरवायचं? बेडूक हे धामणीच्या पिल्लाचं नैसर्गिक अन्न, पण रानातून पकडलेल्या बेडकात जंत असतात आणि अशक्त पिल्लाला तेवढंही झेपत नाही. म्हणून गोठवलेली पिंकी आणली. ती कोमट पाण्यात पिशवीसकट बुडवून वितळवली. आकार पिल्लाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नाही.

पहिल्यांदा तरुणाने इंटरनेटवर वाचलेली पद्धत वापरली. संध्याकाळी पिंकी डब्यात ठेवायची, अंधार करायचा, रात्रभर हात लावायचा नाही. अमेरिकेतले मक्यासाप (कॉर्न स्नेक) पाळणारे लोक असं करतात आणि तिथे ते चालतं, कारण तो साप वासाने आणि अंधारात शोधणारा आहे. धामण उजेडात, डोळ्यांनी शिकार करते. न हलणाऱ्या गोष्टीकडे तिचं लक्ष सहसा जात नाही. सकाळी पिंकी तशीच होती.

मग पद्धत बदलली. सकाळी खिडकीतून मऊ उजेड, डब्यात लपायला झाडाच्या सालीचा तुकडा, तापमान २८-२९. पिंकीवर घरात गळून पडलेली पालीची शेपटी चोळली, म्हणजे वास ओळखीचा यावा. लांब चिमट्याने पिंकी पिल्लाच्या तोंडासमोर न नेता, सालीच्या कडेने, थांबत-थांबत, पळणाऱ्या जिवासारखी सरकवली. तोंडासमोर नेलं की पिल्लाला तो हल्ला वाटतो आणि ते मागे सरतं किंवा रागाने चावतं. तो चावा भुकेचा नसतो. पिल्लाने मान उंच केली, जीभ भराभर बाहेर काढली आणि पुन्हा आत गेलं. त्या दिवशी तेवढ्यावर थांबलो. मध्ये दोन दिवसांची विश्रांती. पुढच्या वेळी त्याने झेप घेऊन पिंकी धरली, अंगाने सालीवर दाबली आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. धामण विळखा घालून आवळत नाही, दाबते आणि गिळते. पिंकीचा वितळलेला घास गिळतानाही त्या पिल्लाने दाबायची कृती केलीच.

त्याने खाल्लं नसतं, तर पुढची पायरी होती तोंड हलके उघडून पिंकीचं टोक आत ठेवणं, आणि अगदी शेवटी नळीने अन्न देणं. या दोन्ही गोष्टी पशुवैद्यकाच्या हातूनच व्हाव्यात असा आमचा आग्रह आहे. इतक्या लहान सापाची अन्ननलिका कागदासारखी पातळ असते आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच, तोंडाच्या तळाशी असतं. घाईत चिमटा तिथे लागला की पिल्लू गेलं. व्हिडिओत दिसणारं जबरदस्तीचं भरवणं बहुतेक वेळा गरज नसताना केलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लाने ते सगळं उलटून टाकलं हे व्हिडिओत येत नाही.

खाल्ल्यावर दोन दिवस त्याला कोणी हात लावला नाही. विष्ठा व्यवस्थित झाली, पांढऱ्या युरेटसकट (म्हणजे सापाच्या लघवीचा घट्ट भाग), तेव्हा पचन झाल्याची खात्री पटली. पुढचे घास साधारण आठवड्याच्या अंतराने दिले, आणि दर वेळी पालीचा वास कमी करत नेला. शेवटी त्याने बिनवासाची, पण हलणारी पिंकी घेतली. कणा झाकला गेला, वजन निघाल्या दिवसापेक्षा वर गेलं, दुसरी कात धड निघाली.

सोडण्याआधी एक प्रश्न उरला होता. हे पिल्लू जिवंत भक्ष्य धरेल का? वनपालांच्या परवानगीने परसातल्या जाळीबंद मोठ्या टाकीत माती, दगड, गवत आणि पाणी घालून त्याला आठवडाभर ठेवलं. पावसात बेडकांची पिल्लं टाकीत आपोआप येत होती. चिमटा पूर्ण बंद केला. वही भरणाऱ्या तरुणानेच एका सकाळी त्याचं पोट फुगलेलं पाहिलं आणि नोंद केली: 'स्वतः धरलं.' त्यानंतर दोन दिवसांनी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच शिवारात ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यानेच ते सोडलं. पंचनाम्याच्या कागदावर शेवटची नोंद अशी आहे: अंडी ११, फुटलेलं १, नापीक १, आत मेलेलं १, पिल्लं ८, भरवलेलं १.